चाळीस माणसांची भट्टी

लक्ष्मीकांतने वर्तमानपत्राचा बोळा पेटवून भट्टीच्या पोटात टाकला, त्यावर मूठभर ओले गवत घातले आणि झाकण लावले. मग दोन पावले मागे सरून तो कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला.

"दादा, लोकांच्या अंगणात हे काय चालवलंयस?" स्वानंद हलक्या आवाजात म्हणाला.

"थांब जरा."

महूच्या त्या बंगल्यातल्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. नवरा फौजेतून निवृत्त झाला होता, आणि घरातले सामान विकून दोघे डेहराडूनला निघाली होती. मांस धुरावर शिजवायची ती भट्टी परदेशी होती. चकचकीत काळी, चाकांवर उभी, झाकणावर घड्याळासारखा तापमापक. स्वानंदला ती पाहताक्षणी आवडली होती. गाडीच्या डिकीत ती कशी बसेल याचा हिशेबही त्याने करून ठेवला होता.

धूर आधी झाकणाच्या कडेने आला. मग बिजागरीतून, मग खालच्या जोडातून.

"बघ," लक्ष्मीकांत म्हणाला. "पत्रा पातळ आहे आणि जोड ढिले. दोन तासांत कोळसा खलास, मटण कच्चं. शिवाय मावणार किती? फार तर आठ माणसांचं."

"अरे पण दिसायला कसली झकास आहे!"

"दिसायला आहे."

त्याने आतली राख स्वतःच्या रुमालाने पुसून काढली, बाईंना नमस्कार केला आणि तो गाडीत जाऊन बसला. परतीच्या वाटेवर राऊ गाव लागले. तेव्हा स्वानंद म्हणाला, "दादा, एक बोलू? राग नको मानूस. मी काय म्हणतो, यावर्षी एखादा लग्नाचा गार्डन बुक करून टाकू. केटररवाला सगळं बघेल. तू पण आरामात बस ना भिया. कशाला फालतू झंझट?"

स्वानंद त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी धाकटा. केबलच्या धंद्यात शिरल्यापासून तो भावालाही अधूनमधून बाजारातल्यासारखे 'भिया' म्हणायचा. त्याच्या मनात वाकडे काही नव्हते, हे लक्ष्मीकांतला कळत होते.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी सगळे शिर्के नंदानगरला लक्ष्मीकांतच्या घरी जमत. ही पद्धत वडिलांची, आबांची. ते महूला फौजेच्या स्टोअरमध्ये कारकून होते. तिथल्या एका साहेबाच्या खानसाम्याकडे त्यांनी धुरावर मटण शिजवायची रीत पाहिली आणि घरी येऊन तेलाच्या ड्रमची भट्टी बनवली. तळाशी बाभळीचा कोळसा आणि आंब्याच्या ढलप्या, मध्ये पाण्याची परात, वर जाळीवर मसाला लावलेले मटण, आणि घट्ट झाकण. चार तास नुसत्या उबेवर आणि धुरावर ते मऊ होई. वडिलांनंतर ते काम लक्ष्मीकांतकडे आले. पण ड्रममध्ये एका वेळी पंधरा जणांचे मटण होई, आणि शिर्के आता चाळिसावर गेले होते. अर्धेअधिक मटण घरात चुलीवर अर्धवट शिजवून मग धुरावर ठेवायचे, तरी तीन घाणे लागत. मागच्या वर्षी तिसरा घाणा साडेचारला उतरला. स्वानंदच्या बायकोच्या माहेरची माणसे तोवर वरण-भात खाऊन निघून गेली होती, मुले ओसरीवर झोपली होती. कुणी काही बोलले नाही. ते न बोलणेच त्याला वर्षभर टोचत होते.

लक्ष्मीकांत कापड मिलमध्ये बॉयलर अटेंडंट होता. एकोणतीस वर्षे. गेज न बघता नुसत्या आवाजावरून दाब सांगायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, त्याने पाचपासून वाफ धरलेली असताना, फाटकावर मिल बंद झाल्याची नोटीस लागली आणि त्याला सांगण्यात आले, आग उतरव. त्याने उतरवली. पुन्हा ती पेटलीच नाही. आता तो सांवेर रोडवर शेवेच्या कारखान्यात डिझेलच्या बर्नरजवळ बसे. बटण दाबले की जळायचे, सोडले की विझायचे. घरातही त्याला विचारून काही ठरत नसे. लेक अबोली बंगलोरला नोकरीला गेली, तीही तिकीट काढून झाल्यावर सांगून. वर्षातला हा एकच दिवस असा होता की चाळीस माणसे त्याच्या हाताकडे बघत.

"गार्डन नको," तो शेवटी म्हणाला. "ठरवायला मला आठवडा दे."

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर तो शामच्या वर्कशॉपमध्ये गेला. शाम मिलमधला फिटर. नोटिशीनंतर त्याने सांवेर रोडवरच एक शेड धरली होती. खिडक्यांच्या जाळ्या, कूलरच्या बॉड्या, मिळेल ते काम करायचा.

"आओ लक्ष्मीभाई, आओ." शामने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. काय हवे ते ऐकून घेतले आणि त्याला शेडच्या मागे नेले. "देखो. पहचाना?"

भंगाराच्या ढिगाशेजारी एक आडवी, लांबट लोखंडी टाकी पडली होती. लक्ष्मीकांतने पाहताच ओळखली. बॉयलर हाउसमधली गरम पाण्याची टाकी. मिलचे भंगार लिलावात गेले, तेव्हा शामने ती उचलली होती.

लक्ष्मीकांतने तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक केले. बद्द, भरीव आवाज आला. तीन सूत जाडीचा पत्रा. पाहिजे तसाच.

"हिच्यात मटण?" तो मात्र म्हणाला.

"क्यों? पानीच तो था इसमें. तेल नाही, केमिकल नाही." मराठी माणसांबरोबर आयुष्य गेल्याने शाम दोन्ही भाषा एकाच दमात बोलायचा. "आणि भूल गए क्या? दुपारी सगळ्या खात्यांचे डबे याच टाकीवर गरम व्हायचे. मेरी घरवाली की कढी भी."

लक्ष्मीकांत विसरला नव्हता. साडेअकरापासून टाकीच्या पाठीवर डब्यांची रांग लागे, आणि कुणाचा डबा कुठला हे त्याला पाठ असे.

"तुम नही लेते तो अगले हफ्ते कट जाएगी," शाम म्हणाला. "बोला, पूर्ण पाहिजे की अर्धी? अर्धीत वीस लोकांचं होईल. पूर्ण घेतली तर चाळीस, आरामसे."

"उद्या सांगतो."

घरी पद्मजा दाराशी मेथी निवडत बसली होती. त्याने सगळे सांगितले. ती म्हणाली, "अर्धीच घ्या."

"चाळीस माणसं आहेत."

"आज आहेत. आपली अबोली यावर्षी येत नाहीये. अक्कांचे दोघे मुलगे दुबईचं बघतायत. स्वानंदभाऊजी विजयनगरला गेल्यापासून महिना महिना तोंड दिसत नाही. पुढं किती येणार आहेत, त्याच्या मापाचं घ्या ना."

"आणि आले तर?"

"तर दोन घाणे काढू. थांबतील."

"आता कुणी थांबत नाही, पद्मजा."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा मेथीत लक्ष घातले. "मग पूर्ण घ्या," ती म्हणाली.

तीन रविवार तो शामबरोबर खपला. टाकी वरच्या बाजूने लांबीत चिरून झाकण केले, आत तीन मजली जाळ्या बसवल्या, खाली कोळशाचा कप्पा. धुराड्यात झडपेसारखा फिरणारा पडदा त्याने स्वतः बनवला. बाहेरून दांडी फिरवली की हवा बोटभर कमी-जास्त होई. मग रिकाम्या भट्टीत दिवसभर आग ठेवून जुना गंज जाळला, आतून तेलाचे हात दिले. चौथ्या हाताला पत्रा काळाभोर झाला. शामने कागद पेटवून आत टाकला, वर ओले गवत घालून झाकण लावले. धूर फक्त धुराड्यातून निघाला, सरळ. शामने त्याच्या पाठीवर थाप मारली.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता त्याने कोळसा पेटवला. आठला मटण जाळीवर गेले. त्याने एकदाही झाकण उघडले नाही. दांडीवर हात ठेवून बसून राहिला. साडेबाराला त्याने झाकण उचलले, तेव्हा अंगणातली बोलणी थांबली. हाड बोटाने ओढले तर सुटून येत होते.

चाळीस नव्हे, एक्केचाळीस माणसे एका पंगतीत बसली. असे आजवर कधी झाले नव्हते. सगळ्यांत मोठी बहीण इंदिराअक्का, तिने पहिला घास घेऊन डोळे मिटले. "आबांची चव," एवढेच म्हणाली. स्वानंद तर उठून मिठी मारायलाच आला. "क्या बात है दादा! एकदम टाइमवर! मॅच सुरू व्हायच्या आत घरी."

आणि खरेच, दोन वाजता अंगण रिकामे व्हायला लागले. मारुत्या, स्कूटरी, एक मेटॅडोर. कुणाचा क्लास, कुणाला परतीची बस, कुणाला मॅच. लक्ष्मीकांत फाटकाशी उभा राहून प्रत्येकाला निरोप देत होता.

इंदिराअक्का स्वानंदच्या गाडीत बसता बसता थांबली. "लक्ष्म्या, तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं बघ. दरवेळी त्या ड्रमपाशी खाट टाकून बसायचो."

"हो ना."

"दुसरा घाणा, तिसरा घाणा... याचं लग्न तर तिथंच ठरलं." तिने स्वानंदकडे मान हलवली. "आबा नाहीच म्हणत होते. संध्याकाळपर्यंत भांडून भांडून दमले."

"अक्का, चल ना, उशीर होतोय," स्वानंद आतून म्हणाला.

"येते रे," ती म्हणाली, आणि दार लागले.

लक्ष्मीकांत अंगणात परत आला. पद्मजा पत्रावळी गोळा करत होती. त्याने घागरभर पाणी आणून भट्टीत ओतायला उचलले, मग खाली ठेवले. पत्र्याला अजून हात लावता येत नव्हता. जाड पत्रा असा सहज निवत नाही. संध्याकाळपर्यंत तो तसाच राहणार होता.

"चांगली झाली हो," पद्मजा म्हणाली. "कुणालाच कमी पडलं नाही."

"नाही पडलं."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग आत गेली आणि दोन रताळी धुऊन घेऊन आली. झाकण उचलून तिने ती सगळ्यात वरच्या जाळीवर, एकमेकांना लावून ठेवली. एवढ्या मोठ्या जाळीवर ती अगदीच इवलीशी दिसत होती.

"पडदा थोडा लावून घ्या," ती म्हणाली. "सावकाश होऊ देत."

त्याने दांडी दोन बोटे फिरवली. तिने भिंतीशी उभी केलेली खाट ओढून आणली, भट्टीपासून हातभर अंतरावर टाकली आणि एका कडेला सरकून बसली. लक्ष्मीकांतने खांद्यावरचा टॉवेल काढून खाटेच्या काठावर टाकला आणि तिच्याशेजारी बसला.

"हं," पद्मजा म्हणाली, "आबा का नाही म्हणत होते, स्वानंदभाऊजींच्या लग्नाला? मला कुणी कधी नीट सांगितलंच नाही."

"मोठी गोष्ट आहे."

"सांगा ना," ती म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली.