काखेतला फणस

"कुणाचा इस्वास बसायचा नाय, पण ह्या कर्जत-खालापुरात काखेचं पयलं वॅक्सिंग मी केलं," सोनुबाई म्हणाली.

शिळफाट्यावरच्या ललिताच्या पार्लरात सोनुबाईची भाची हर्षला आडवी पडली होती. तिची उजवी काख होऊन गेली होती, तिच्यावर कोरफडीचा गर आणि गार पाण्याचं फडकं होतं. डावी तिने गच्च मिटून धरली होती. परवा मैत्रिणीचं लग्न, आणि बिनबाह्यांचा ब्लाउज शिवून तयार.

"आत्ये, मी वरून शाल घेईन."

"घे. मे महिन्यात शोभंल हो तुला."

चूक हर्षलाचीच. फणस कापताना हाताला तेल लावलं की चीक चिकटत नाही, त्याच हिशेबाने ती सकाळी काखांना खोबरेल चोपडून आली होती. मेण धरेना. ललिताने तेल पुसलं, पावडर लावली, तरी उजवीकडे एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढावं लागलं.

"आज गरम पाणी नको, सेंट नको, सैल सुती कपडे घाला," ललिता म्हणाली. "आणि हात वर करा."

हर्षलाने केला नाही.

"तेल मी नव्हतं लावलं," सोनुबाईने खुर्ची पुढे ओढली. "दिवाळीचा पाडवा. दुसऱ्या दिशी भाऊबीज, म्हायेरी भिवपुरीला जायाचं. परड्यातला फणस फोडला, चीक काखेत थापला, वर लुगड्याची चिंधी."

"मग?" हात थोडा वर आला.

"वाळून दगड झाला गं. निघंना. मंग चिंधीचं टोक बांधलं शेजारच्या कोंडाजीच्या बैलाच्या शेपटीला."

"आणि बैल?" ललिताने हात अलगद डोक्यामागे नेला, मेण पसरलं आणि वर पट्टी दाबली.

"उधळला तो थेट खालापुरात. केस तर गेलंच, माझा तीळबी गेला. त्या बैलाच्या शेपटीवर मरंस्तोवर व्हता तो तीळ. इचार कोंडाजीला."

हर्षला छताकडे बघत राहिली. काहीतरी जुळत नव्हतं. बैल एक वेळ मान्य, तीळही चालेल, पण...

सर्रकन आवाज झाला. हर्षला कोपरावर टेकून उठली.

"आत्ये, थापा नको मारूस. दिवाळीत फणस कुठून आणलास गं तू?"

ललिता डाव्या काखेवरून ओढलेल्या पट्टीची घडी घालत होती.