चौथ्या प्रभागाची हद्द

‘प्रारूप प्रभागरचना नागरिकांच्या अवलोकनार्थ कार्यालयाच्या दर्शनी भागी प्रसिद्ध करण्यात आली होती. विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही. सबब सदर रचना अंतिम समजण्यात यावी.’

नगरपरिषदेच्या या तीन वाक्यांत खोटा असा एकही शब्द नाही, आणि हीच त्यांची करामत आहे. दर्शनी भाग म्हणजे कार्यालयाचे मुख्य दार. नकाशे, नोटिसा, जाहीर आवाहने सारे या दारावरच चिकटवायचे, ही तिथली पूर्वापार पद्धत. दार बाहेरच्या बाजूला उघडते. सकाळी शिपाई ते पुरते उघडून भिंतीला टेकवतो आणि वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली वीट लावतो. मग दिवसभर नकाशा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा. संध्याकाळी दार बंद होते आणि नकाशा पुन्हा जगाकडे पाहू लागतो. पण तोवर आवाराच्या फाटकाला कुलूप पडलेले असते. म्हणजे हरकत देता येई तेव्हा नकाशा दिसत नसे, आणि नकाशा दिसण्याजोगा असे तेव्हा तो पाहायला माणूस आत येऊ शकत नसे. अशा व्यवस्थेत एकही हरकत आली नाही, याला लोकांची संमती म्हणतात.

हा नकाशा काढणारा आणि स्वतःच्या हाताने दारावर चिकटवणारा माणूस नगरपरिषदेचा आरेखक होता. सगळे कार्यालय त्याला ‘फूटपट्टी’ म्हणे, काहीजण तोंडावरसुद्धा. तो सरळ होता, पातळ होता आणि कोणीही हातात घेऊन वापरावा असा होता. त्याचे टेबल त्या दाराला अगदी खेटून. दार दिवसभर कुठे तोंड करून असते, हे त्याला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणेल तर तो त्या माणसाचा भाबडेपणा. पहिल्याच सकाळी विटेचा आवाज झाला, तेव्हा त्याने मान वर करून पाहिले होते. मग पेन्सिलीला टोक करत बसला.

या गावाचा कारभार कागदावर फार देखणा आहे. नऊ प्रभाग, प्रत्येक प्रभागाचा एक सदस्य, आणि त्या नऊजणांनी आपल्यातूनच निवडलेला अध्यक्ष. उमेदवार ज्या प्रभागातून उभा राहील त्या प्रभागाचा मतदार असलाच पाहिजे, हा नियम. हेतू उदात्त: ज्याच्या उंबऱ्याशी पाणी तुंबते त्यानेच सभागृहात त्याबद्दल तोंड उघडावे. दर निवडणुकीआधी लोकसंख्या पाहून हद्दी नव्याने आखायच्या आणि त्या शक्यतो रस्ता, नाला, रूळ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून न्यायच्या, असेही नियम सांगतो. चौथ्या आणि पाचव्या प्रभागांच्या मध्ये असा एक नाला होता. नव्या नकाशात हद्द बराच वेळ त्याच्या सोबतीने शहाण्यासारखी चालत आली होती. मग एका ठिकाणी तिने नाला सोडला, तीन घरांच्या समोरून वळसा घेतला, आणि पुन्हा काही झालेच नाही अशा थाटात नाल्यावर परतली. ती तीन घरे चौथ्यातून पाचव्यात गेली. कारण लिहिले होते: लोकसंख्येचा समतोल. पाचवा प्रभाग आधीच चौथ्यापेक्षा मोठा होता, हा तपशील समतोलाच्या आड येऊ दिला नव्हता.

तीन घरांपैकी मधले घर आरेखकाच्या बहिणीचे होते.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा हा शाळेत होता, आणि त्यापुढे त्याला वाढवले ते तिनेच. खाली तिचे शिवणकामाचे दुकान, वर राहण्याची खोली, मागे नाला. दुसऱ्यांच्या कपड्यांना चेन बसवून, कॉलर उलटवून, गणवेशांच्या कडा शिवून तिने भावाला आरेखनाचा अभ्यासक्रम करू दिला. त्याची पहिली ड्रॉइंग बोर्डाची पिशवीही तिनेच शिवलेली. एवढे केल्यावर माणसाने गप्प बसावे, तर ती नगरपरिषदेच्या सभांना जाऊ लागली.

सभा जनतेसाठी खुल्या असतात. मागे दोन बाकेही ठेवलेली असतात, कोणी बसणार नाही या भरवशावर. ताई बसे. चष्मा कपाळावर, गळ्यात मोजमापाची टेप तशीच लोंबत. विषय कोणताही असो, शेवटी तिचा हात वर जाई.

“अध्यक्षसाहेब, नाल्याचं काय झालं?”

“मावशी, विषयपत्रिकेवर नाही तो विषय.”

“मग घ्या की! नाला माझ्या स्वयंपाकघरात येतो, तो काय पत्रिका पाहून येतो?”

सदस्य हसत. अध्यक्षही हसत; त्यांचे हसणे मोठे, दिलदार आणि दर निवडणुकीत उपयोगी पडलेले. मग ते भिंतीशी नकाशांची गुंडाळी धरून उभ्या असलेल्या आरेखकाकडे वळत. “काय फूटपट्टी, ताईंना घरी समजावत नाही वाटतं? बघा हं, आज पण सभा लांबवणार या.” आरेखक गुंडाळी उलगडे, पुन्हा गुंडाळे. त्याचे कान लाल होत.

एकदा तर ताई बाटलीत नाल्याचे पाणी भरून घेऊन आली आणि सरळ अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. “घ्या साहेब, एक घोट. तुम्हीच म्हणालात ना, पाणी तपासून घेतलंय.”

अध्यक्षांनी बाटली उजेडाकडे धरली. “अरे वा! फूटपट्टी, घरचं आहे, आधी तुम्ही घ्या.”

सभागृह खदखदले. आरेखकही हसला. आपण हसलो, हे त्याला घरी पोचेपर्यंत टोचत राहिले; पण राग त्याला अध्यक्षांचा आला नाही. राग आला तो बाटली आणणारीचा. माणसाची लाज मोठी व्यवहारी असते. जिथे ओरडले तर नोकरी जाईल तिथे ती मुळीच ओरडत नाही; ती घरच्या माणसाकडे वळते.

त्याच आठवड्यात ताई त्याच्या घरी आली आणि दारातूनच म्हणाली, “बाबू, मी उभी राहतेय. चौथ्यातून.”

“कशाला, ताई?”

“मागच्या बाकावरून पाठ दुखते. आता पुढच्या खुर्चीत बसून विचारते.” ती स्वतःच्याच विनोदावर हसली. “आणि निवडून आले ना, तर नकाशे तुला मला दाखवावे लागतील. नीट दाखव हं, नाहीतर कान धरीन!”

त्याची बायको हसता हसता चहा ठेवायला उठली. “वन्सं, यांचा कान धरायचा तर रांग लावावी लागेल. आधी माझा नंबर.” तो मात्र हसला नाही. त्याला सभागृह दिसत होते: पुढच्या खुर्चीत ताई, गळ्यात टेप, समोर हात बांधून आपण, आणि भोवती ते हसणे, पाच वर्षे.

कार्यालयात त्याच्या टेबलावर त्या वेळी प्रभागांचा कच्चा नकाशा होता. एवढेच सांगितले तरी पुरेसे आहे.

ताईला कळले ते उमेदवारी अर्जांच्या छाननीत. ‘अर्जदार प्रभाग चारची मतदार नाही. अर्ज नामंजूर.’ पाचव्यातून अर्ज भरायची मुदत टळून गेलेली. चौथ्यात आता अध्यक्षांचा पुतण्या तेवढा उरला आणि तो बिनविरोध येणार, असे लोक म्हणू लागले. बिनविरोध या शब्दाचे गावाला भारी कौतुक. त्यात एकोपा दिसतो म्हणे.

ती धापा टाकत भावाकडे आली. बसलीसुद्धा नाही. “बाबू, खरं सांग. त्या माणसानं तुझ्याकडून करून घेतलं ना हे? पुतण्यासाठी?”

तो पायातली चप्पल सरळ करत राहिला.

“दम दिला ना तुला? नोकरीचा? अरे, मी काय परकी आहे?” तिने त्याचा चेहरा पाहिला आणि उत्तर तिथे आहे अशी समजूत करून घेतली. “जाऊ दे, नको बोलूस. तुझं नाव न घेता लढते मी. मी अपील करतेय.”

तिने जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने ‘हो’ म्हटले नव्हते. आपण खोटे बोललो नाही, असा हिशेब त्याने मनाशी केला. ज्या कार्यालयात दारावरचा नकाशा भिंतीला दाखवून लोकांची संमती मिळवतात, तिथे इतकी वर्षे काढलेल्या माणसाला हा हिशेब अवघड नव्हता.

बायको मात्र दाराशी उभी राहून बघत होती. ती एवढेच म्हणाली, “तुमच्याकडून कोणी करून घेतलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी रडत घरी आला असतात.” त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

अपिलाची सुनावणी त्याच सभागृहात झाली. वरून आलेल्या अपील अधिकारी बाई अध्यक्षांच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि अध्यक्ष प्रथमच खाली, त्यामुळे जरा बुटके दिसत होते. मागची दोन्ही बाके भरली होती. तमाशा फुकट असला की नागरिक जागृत होतात. अधिकारी बाईंनी मुद्दा फार मोजक्या शब्दांत मांडला. हरकत आली नाही, त्यामुळे हद्द अंतिम आहे. मात्र ती लोकसंख्येसाठी नव्हे तर एखाद्या व्यक्तीला वगळण्यासाठी आखली असे सिद्ध झाले, तर ती रद्द होईल, जुनी हद्द लागू होईल आणि अर्जदार बाईंचा अर्ज ग्राह्य धरला जाईल.

अध्यक्ष उभे राहिले. “मॅडम, मी शपथेवर सांगतो, या रेषेशी माझा काही संबंध नाही. मला तर नंतर कळलं.”

मागून कोणीतरी खोकल्यासारखे हसले. गंमत अशी, की तो माणूस त्या सभागृहात बहुधा प्रथमच खरे बोलत होता, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा एकच जण तिथे होता.

मग ताई बोलली. टेप त्या दिवशी गळ्यात नव्हती. केस नीट विंचरलेले होते. “मॅडम, रेषा माझ्या भावानं काढली. पण त्याला दोष देऊ नका. त्याच्यावर यांनी दबाव आणला. तो घाबरट आहे, लहानपणापासून. पण खोटं नाही बोलणार. मी वाढवलाय त्याला. विचारा तुम्ही.”

आरेखकाला पुढे बोलावले गेले. चालत जाताना त्याच्या ध्यानात आले की सुटका तयार आहे, नुसती उचलायची. ‘हो, अध्यक्षांनी सांगितलं’ एवढे तीन शब्द. हद्द रद्द होईल. ताई उभी राहील, कदाचित निवडूनही येईल. अध्यक्षांची खुर्ची जाईल, आणि ती जावी असे म्हणणारे गावात थोडे नव्हते. त्याला ताकीद मिळेल, वर थोडी सहानुभूतीही. ताईचा हात पुन्हा पाठीवर पडेल. आणि खरे बोलले तरी हद्द रद्द होणारच होती; ताईचे काम दोन्हीकडून होत होते. फरक एवढाच, की एका उत्तरात त्याला बहीण राहत होती.

“सांगा,” अधिकारी बाई म्हणाल्या, “ही रेषा कोणाच्या सांगण्यावरून काढली?”

त्याने ताईकडे पाहिले. ती त्याला धीर देण्यासाठी मान हलवत होती, शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी उभी राहून हलवली होती तशी. अध्यक्ष रुमालाने मान पुसत होते. मागे कोणी हसत नव्हते. जन्मभर ज्या हसण्याला तो भ्यायला, ते आज नव्हतेच. सारे सभागृह एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बाजूने गंभीर होऊन बसले होते. ती हास्यास्पद आहे असे मानणारा तिथे आता तो एकटाच उरला होता, आणि तेही खरे नव्हते.

“तुम्हाला वेळ हवा का?” अधिकारी बाईंनी विचारले.

“नको,” तो म्हणाला. “वेळ घेतला तर मी खोटं बोलेन.”

लघुलेखिकेने त्याचे निवेदन घेतले. कार्यवृत्तात ते जसेच्या तसे आहे:

“मला कोणी सांगितलं नाही. अध्यक्षांनी नाही, त्यांच्या पुतण्यानं नाही, कोणीच नाही. हद्द नाल्यावरूनच जायला हवी होती, हे मला ती काढतानाच माहीत होतं. माझी बहीण इथं येऊन प्रश्न विचारायची तेव्हा सगळे हसायचे, आणि मला तिची लाज वाटायची. ती चुकत होती म्हणून नव्हे. ती एकदाही चुकली नाही. ती बरोबर आहे हे माहीत असून मीही हसायचो. ती निवडून आली असती तर मला रोज तिच्यासमोर उभं राहावं लागलं असतं, म्हणून मी तिला घरासकट बाहेर काढलं. ती घरी येऊन मला विचारून गेली तेव्हा मी गप्प बसलो, आणि आज तिनं माझी बाजू घेतली तेव्हाही मला आधी सुटल्यासारखंच वाटलं.”