आयरांची नक्कल

आमच्या चर्चच्या मंडळीत वर्षातून दोनदा प्रीतिभोजन असतं: शेजारी बसलेल्यांनी एकमेकांचे पाय धुवायचे, एकत्र जेवायचं आणि प्रभूची भाकर मोडायची. त्याच्या आधी डीकनने, म्हणजे मंडळीने निवडलेल्या सेवकाने, घरोघर जाऊन विचारायचं, "मंडळीत सगळ्यांशी तुमचा सलोखा आहे ना?" लोक 'हो' म्हणतात, कॉफी देतात, आणि डीकन पुढच्या घरी जातो. 'नाही' म्हणायचीही मुभा आहे, पण ती कुणी वापरत नाही. इथे पेनसिल्व्हेनियात आम्ही शेजाऱ्यावर कितीही रुसलो तरी त्याला कळू देत नाही, उलट त्याच्या घरी घरचा पाव पाठवतो. मला हा गुण वाटत नाही, पण माझं कोण ऐकतं?

या वसंतात मंडळीने माझ्या नवऱ्याला, एल्वुडला, डीकन निवडलं. एल्वुड म्हणजे हसवणारा माणूस. लग्न असो, लिलाव असो, तो उभा राहिला की लोक आधीच हसायला लागतात. त्याच्या नकलांत सगळ्यांत गाजलेली नक्कल आयरा लॉंगनेकरांच्या प्रार्थनेची. आयरा वयाने ऐंशीच्या पुढचे, बायको वारलेली, अजून थोड्या गाई बाळगून आहेत. रविवारच्या सभेत उठून प्रार्थना करू लागले की पावसापासून सुरुवात, मग प्रत्येक आजाऱ्याचा गुडघा, मग एकेक गाय नावानिशी. एल्वुड हनुवटी छातीला टेकवायचा, पँट वर ओढायचा आणि कापऱ्या आवाजात म्हणायचा, "आणि हे प्रभू, आमच्या डेझीच्या डाव्या सडाकडेही कृपादृष्टी असू दे." पुरुषांच्या शनिवारच्या न्याहारीला त्यावर कॉफी सांडेपर्यंत हशा. मीही हसायचे.

अलीकडे मात्र आयरा सभेत उठत नसत. आम्ही म्हटलं, वय झालं.

डीकनच्या फेरीला मीही एल्वुडबरोबर जात होते, आणि आमचं शेवटचं घर आयरांचं होतं. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, स्वतः कॉफी ओतली. एल्वुडने घसा खाकरून प्रश्न विचारला.

"नाही," आयरा म्हणाले.

एल्वुड हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. "बरं, कुणाशी नाही?"

"तुझ्याशी."

मी कप खाली ठेवला.

"एका शनिवारी न्याहारीला मला उशीर झाला," आयरा म्हणाले. "दारात होतो. तू माझी प्रार्थना करत होतास. छान करत होतास हो, अगदी मीच. तेव्हापासून तोंड उघडलं की मला तुझाच आवाज ऐकू येतो. मग मी गप्प बसतो."

"अहो बंधू आयरा, थट्टा होती ती," एल्वुड म्हणाला. हसू अजून त्याच्या तोंडावरून गेलं नव्हतं. "चुकलं माझं. आता मिटलं ना?"

"मला सांगून काय मिटणार? मी कुठे हसलो होतो?" आयरा रागावले नव्हते, आणि तेच मला सोसेना. "मी भोजनाला येणार नाही. सलोखा आहे असं खोटं सांगून प्रभूची भाकर मोडणं माझ्याच्याने व्हायचं नाही. अन् या वयात पुढच्या भोजनाचा भरवसा कुणी द्यावा?"

निघताना त्यांनी मला बीटच्या लोणच्याची बरणी दिली. गाडीत बसल्याबरोबर मी भडकले.

"एवढ्याशा थट्टेचा केवढा बाऊ! प्रभूने क्षमा करायला सांगितलंय, हे त्यांना कुणी सांगायचं?"

एल्वुडने गाडी रस्त्याला लावली. मग म्हणाला, "अगं वर्ना, मला मोठ्याने प्रार्थना करताना तू कधी ऐकलंयस?"

मी 'न ऐकायला काय झालं' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इतक्या वर्षांच्या संसारात जेवणाआधीची प्रार्थना कायम माझीच.

"मला येत नाही," तो म्हणाला. "उठलो की तोंडात माती भरल्यासारखं होतं. आयरांना किती सहज यायचं. म्हणून मग मी..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. मीही केलं नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, ही काही लहान गोष्ट नव्हे. माझा राग तिथेच विरला. ज्याचा हेवा वाटतो त्याला हास्यास्पद करायचं, म्हणजे आपण त्याच्याहून खुजे दिसत नाही. हे मला नवऱ्यात दिसलं आणि माझ्यातही सापडलं.

प्रीतिभोजनाच्या दिवशी सकाळी चर्चच्या सभागृहात पुरुषांची न्याहारी होती. आम्ही बायका शेजारच्या स्वयंपाकघरात होतो, मोठ्या पातेल्यांत गोमांस शिजत होतं आणि बेखमीर भाकरीच्या पिठावर आम्ही काट्याने टोचे मारत होतो. मधल्या खिडकीतून सगळं दिसत होतं. एल्वुड उभा राहिला. लगेच खसखस पिकली. त्याचा मित्र हार्वी याने तर कॉफीचा कप आधीच लांब सरकवला.

"मला आयरांविषयी बोलायचंय," एल्वुड म्हणाला.

हशाचा नुसता स्फोट झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "डेझी! डेझीचं होऊ दे!"

एल्वुडचे कान लाल झाले. मला पळी घेऊन बाहेर जावंसं वाटलं. पण त्याने एक केलं, तो हसला नाही. उभा राहिला, नुसता उभा राहिला. मग एकेका बाकावरचं हसू ओसरत गेलं आणि शेवटी काटे-चमचेही थांबले.

"ज्यावर मी तुम्हाला हसवलं, ते एका माणसाचं देवाशी बोलणं होतं," तो म्हणाला. "मी ते त्यांच्या तोंडातून काढून घेतलं. परत कसं द्यायचं मला ठाऊक नाही. पण ती नक्कल आता होणार नाही, आणि कुणी मागू नका."

तो खाली बसला. हार्वी आपल्या ताटलीकडे बघत म्हणाला, "मी तर सगळ्यांत जास्त हसलो." मग आणखी एक जण तेच म्हणाला. कणकेच्या हातांनी मीही शेजारणींना सांगितलं, मीही हसले होते. आमच्याकडे बातमी पोचायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत ती आयरांच्या गोठ्यात गेली असणार, पण ते येणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी पुरुष एका बाजूच्या मेजांवर, आम्ही दुसऱ्या. एल्वुडने आपल्या शेजारची जागा राखून ठेवली होती. पाळकांनी येशूने शिष्यांचे पाय धुतले तो उतारा वाचायला घेतला तरी ती रिकामीच. वाचन संपत आलं तेव्हा दार वाजलं. आयरा आले, रविवारचा कोट घालून, आणि काही न बोलता त्या जागेवर बसले.

घंगाळ आलं. एल्वुडने कमरेला टॉवेल बांधला, गुडघे टेकले आणि आयरांचे पाय धुतले. आयुष्य रबरी बुटांत गेलेले ते पाय, पांढरे आणि सुरकुतलेले. मग आयरा त्याच्या खांद्याचा आधार घेत कसेबसे खाली बसले आणि त्यांनी त्याचे धुतले. उठून दोघांनी आमच्या रीतीप्रमाणे एकमेकांचं चुंबन घेतलं. एल्वुड रडत होता. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

पाळकांनी विचारलं, "जेवणाआधी कोण प्रार्थना करील?"

आयरांकडे बघायचं नाही म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या. आयरा उभे राहिले. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. त्यांनी मेजाची कड धरली, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

तेव्हा एल्वुड त्यांच्या शेजारी उभा राहिला. पांढराफटक पडला होता. "हे प्रभू," तो म्हणाला, आपल्या साध्या, स्वतःच्या आवाजात. आणि अडकला. त्याच्याकडे तेवढंच होतं. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याच्या तोंडून ते ऐकत होते.

आयरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बस, बाळा," ते म्हणाले. "पुढचं मी बोलतो." आणि बोलू लागले.