घासलेले डॉलर

दोघा भावांना चांदीच्या जुन्या डॉलरचं वेड एकदमच लागलं. थोरल्याने ते जमवले, धाकट्याने ते पारखण्याची नोकरी धरली.

थोरला दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याच्या हाताची कवळी कुणाला टोचली नाही आणि त्याच्या बोटाचा ठसा एकाही डॉलरवर उमटला नाही. नाणं धरायचं तर कडेनेच, हा घरातला कायदा. धाकटा दिवसभर दिव्याखाली भिंग लावून बसायचा. डॉलरवरच्या बाईचे कानावरचे केस किती झिजलेत, गरुडाच्या छातीवरची पिसं शाबूत आहेत का ते बघून प्रत ठरवायचा. मग ते नाणं प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद व्हायचं.

सुट्टीच्या दिवशी थोरल्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघांची जुंपायची.

"दादा, गालावर ओरखडा आहे. प्रत उतरली."

"टाकसाळीच्या पोतडीत आपटलंय ते, त्यात काय! तुझ्या गालावर काय कमी खड्डे आहेत? बायकोनं पसंत केलंच ना तुला!"

थोरल्याची मुलगी चहा ठेवता ठेवता हसायची. आई गेल्यापासून घर तीच बघत होती. चांगली मोठी झाली तरी दोघे तिला चिंगीच म्हणत. भांडण कशावरून चाललंय याच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. तिच्या लेखी ती काळवंडलेली नाणी होती, बस.

मग थोरल्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र जिथल्या तिथे होती. नुसते डोळे बोलायचे. चिंगीने नोकरी सोडली. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं तिच्यावर आलं. धाकटा सुरुवातीला नेमाने यायचा. पण ज्या तोंडाशी जन्मभर वाद घातला ते गप्प बघणं त्याला सोसेना, आणि त्याच्या खेपा कमी होत गेल्या.

एके दिवशी चिंगीचा फोन आला. "काका, आजच्या आज या. बाबांसाठी एक गंमत केलीय."

खोलीत शिरताच त्याला चांदी घासायच्या लेपाचा वास आला. पलंगाशेजारच्या टेबलावर पांढऱ्या टॉवेलवर सगळे डॉलर मांडलेले होते. नव्या ताटल्यांसारखे लखलखत होते.

"आठवडाभर घासत होते," चिंगी म्हणाली. तिच्या नखांत काळं साचलं होतं. "बाबांना धड दिसत नाही ना हल्ली. म्हटलं, चकचकीत केले तर दिसतील. आणि काका, त्यांच्या तोंडून आवाज निघाला! आजारपणात पहिल्यांदाच. डोळ्यांना नुसती धार लागली होती. इतके खूश झाले!"

धाकट्याने सवयीने एक डॉलर कडेने उचलला आणि खिडकीकडे कलता केला. न घासलेल्या डॉलरवर काळपट सायीखालून उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. टाकसाळीतून येतानाचं ते पाणी एकदा गेलं की गेलं. या डॉलरवर उजेड चमच्यावर पडावा तसा एका जागी पडून राहिला. भिंगाची गरजच नव्हती. बाईच्या गालावर बारीक रेघांचं जाळं पसरलं होतं.

त्याने मान वर केली. थोरला त्याच्याचकडे बघत होता. प्रत ऐकायला बघायचा, तसाच.

"सांगा ना काका, कसे झालेत?"

तिचा चेहरा ओढलेला होता. कित्येक महिन्यांत तिच्या कामाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

"झकास," तो म्हणाला. "छान केलंस गं."

थोरल्याने डोळे मिटून घेतले. धाकटा निघेपर्यंत ते त्याने उघडले नाहीत. पुढे त्याने चमचा तोंडात घेणंही सोडलं. थंडी सरायच्या आत दुसरा झटका आला आणि तो गेला.

काही दिवसांनी चिंगी डॉलर घेऊन नाण्यांच्या दुकानात गेली. वडिलांची आठवण म्हणून तिला ते डब्यांत बंद करून घ्यायचे होते. दुकानदाराने एक पाहिला, दुसरा पाहिला.

"हे कुणी घासले?"

"मी."

"अरेरे! वाट लावलीत हो बाई. आता वितळवायच्या लायकीचे राहिलेत."

ती तिथून थेट काकाच्या कंपनीत आली. तो बाहेर आला तेव्हा मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसली होती.

"तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"आणि बाबांना?"

खोटं बोलून एकदा झालं होतं. "पहिला दाखवलास तेव्हाच कळलं असणार," तो म्हणाला.

"मग तो आवाज..." ती थांबली. "दाखवा मला. काय गेलं ते दाखवा."

त्याने तिला आत नेलं. दिव्याखाली न घासलेला एक डॉलर हळूहळू फिरवला. उजेड नाण्यावरून गोल धावला. मग त्याने तिचा डॉलर तिच्या हातात दिला. तिने तो या अंगाने त्या अंगाने किती वेळा कलता केला.

"मी एकेक दाखवत होते," ती म्हणाली. "पहिल्याला बाबा ओरडले, मला वाटलं आणखी हवेत. मान फिरवली, तर मी पलंगाच्या त्या बाजूला गेले. डोळे मिटले, तर गाल थोपटून उघडायला लावले. सगळे दाखवले, काका. एक नाही सोडला."

"तुला काय माहीत होतं, पोरी!"

"तुम्हाला होतं ना? त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मी त्यांची माफी तरी मागितली असती."

तो तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, तशी ती उठली. डॉलर पिशवीत टाकून निघून गेली.

त्यानंतर त्याने कितीदा फोन केले, तिने घेतले नाहीत. एकदा तो घरीही गेला. आत रेडिओ चालू होता. त्याने हाक मारल्यावर तो बंद झाला. दार काही उघडलं नाही.