पहिला हात

आमच्या घरी वाहनापुढे नारळ फुटत नाही, की चाकाखाली लिंबू ठेवले जात नाही. छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर माझ्या वडिलांनी ते सगळे सोडले आणि मी ते पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. पण घराला शिस्त हवी, म्हणून एक रीत मी स्वतः घातली. नवी वस्तू आली की तिला पहिला हात घरच्या कर्त्या पुरुषाने लावायचा. दुकानदाराचा आणि मिस्त्रीचा हात मी त्यात धरीत नसे.

१९८४ साली अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका झाले, तेव्हा मी फियाट घेतली. माझ्या यजमानांना गाडी चालवता येत नव्हती. ते चालकाच्या जागी बसले, स्टिअरिंगला हात लावला, हसले आणि उतरले. "झाली तुमची रीत. आता बसा, बाईसाहेब."

त्यानंतर चाळीस वर्षे ती गाडी माझ्याखेरीज कोणी चालवली नाही. स्टिअरिंग इतके जड, की उभ्या गाडीची चाके वळवायला दंडात बळ लागे. माझ्या मुलाने, सुगतने, कॉलेजात असताना एकदाच प्रयत्न केला आणि घामाघूम होऊन उतरला. "हा रणगाडा तुलेच लखलाभ, आई." मला त्याचा राग आला नाही. अभिमानच वाटला.

पुढे यजमान वारले. काही वर्षांनी माझा उजवा खांदा धरला. अकरा महिने गाडी कापडाखाली उभी राहिली. बार्शीटाकळीला माझी थोरली बहीण मनकर्णा अंथरुणाला खिळलेली. तिने फोनवर बजावले, "गाडी चालवत येशीन तवाच ये. कोणाच्या मांगं बसून आली तं दार उघडणार नाही मी." ती हसत होती, पण मी ते हसण्यावारी नेले नाही.

कुर्बान मिस्त्री माझ्या गाडीचा जुना जाणकार. तो म्हणाला, "बाई, खांदा बदलता येत नाही. दांडा बदलता येते." हल्लीच्या छोट्या गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्यावरच बॅटरीवर चालणारी मोटार असते, तसा दांडा भंगारात मिळतो, असे त्याने समजावले.

अकोल्याच्या भंगार बाजारात मी स्वतः गेले, कुर्बानसोबत, एसटीने. दारे निघालेल्या गाड्यांची रांग होती. मी एका चकचकीत गाडीकडे बोट केले.

"ते नको, बाई," कुर्बान म्हणाला. "समोरून ठोकलेली आहे, दांडा वाकला असंन. मांगून ठोकलेली पाहू."

कबाडी हसला. "आजीले या वयात गाडी शिकाची आहे काय?"

"तू जन्मला नव्हतास, तेव्हापासून चालवते. माल दाखव."

त्याने माल दाखवला.

जुन्या-नव्या दांड्याचा जोड वेल्डिंगने केलास तर मी गाडीत बसणार नाही, असे मी कुर्बानला बजावले. त्याने तो खराद मशीनवर कातून आणला. जुना डायनामो मोटारीला पुरेना, तोही त्याने बदलला. शेवटी डॅशबोर्डाखालचा फ्यूज दाखवून म्हणाला, "हा काढला की गाडी पयल्यासारखीच जड, बाई. हात लावू नका."

रविवारी सकाळी त्याने गाडी फाटकाशी आणली. मी जरीकाठी साडी नेसले होते, गॉगल पर्समध्ये होता. मनकर्णेला काही कळवले नव्हते. मी पायरी उतरले, तोच सून दीपमाला शांतपणे म्हणाली, "आई, दांडा नवा आहे. पहिला हात ह्यांचा ना?"

तिला तो अधिकार होता. ती तलाठी आहे. सहा वर्षांपूर्वी तिने स्वतःची स्कूटर घेतली, तेव्हा सुगत दौऱ्यावर होता आणि मी तिला चार दिवस चावी लावू दिली नाही. सुगत आला, त्याने पहिला हात लावला आणि पुढे महिनाभर तीच स्कूटर ऑफिसला नेली. दीपमाला वलगावला कामावर एसटीने जात राहिली. मी सुगतला एक शब्द बोलले नाही.

"बस, सुगत," मी म्हणाले.

तो बसला. मी दाराशी उभी राहिले, तो उतरेल म्हणून. त्याने एका बोटाने स्टिअरिंग फिरवले. "अरे वा! लोणी झालं हे तं!" त्याने गाडी सुरू केली आणि नेली.

दुपारी परतला तो चावी खिशात घालूनच. "आई, या वयात तू काहून हायवेवर जातं? म्या नेतो ना तुले मनकर्णामावशीकडं. मांगं आरामात बस."

मागे बसून मी जाणार नव्हते आणि स्वतःच्या गाडीची चावी कोणाकडे मागणार नव्हते. तीन आठवडे सुगत ऑफिसला फियाट नेत होता. सायबाने तिच्यासोबत फोटो काढला म्हणून सांगत होता. मी वाट पाहत होते, तो आपण होऊन चावी देईल याची.

चौथ्या आठवड्यात बार्शीटाकळीहून फोन आला. मनकर्णा पहाटे गेली. मी मागच्या सीटवर बसून गेले. सुगत वाटभर एका हाताने गाडी चालवत होता. मनकर्णेचे दार सताड उघडे होते.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी, सुगत आंघोळीला गेला असताना, मी फ्यूज काढला.

तो बसला, ओढून पाहिले, दात खाऊन पाहिले. चाके जागची हलेनात. "कबाडाचा माल शेवटी! घे तुझा रणगाडा," म्हणून त्याने चावी टेबलावर टाकली आणि मोटरसायकल काढली.

चावी माझ्याकडे आली. फ्यूज पदराच्या गाठीत होता. गाडी फाटकाशी उभी होती, आणि मला कुठेही जायचे नव्हते.

दीपमालेने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळे पाहिले होते. तिने चहा आणून ठेवला, गाठीकडे पाहिले.

"आई, माझ्या स्कूटरले असं काही काढता येत होतं का?"

मी चहा घेतला. तिला समोर बस म्हणाले नाही.