उशाखालची वीट

मी एक वीट बोलतेय. भिंतीतली नव्हे, पलंगाखालची. आमच्या कुळात एकीचं नशीब उघडलं आणि ती देवाच्या पायाखाली गेली. मी गेले तात्यासाहेबांच्या पलंगाच्या पायाखाली. तिला लोक नमस्कार करतात, मला केरसुणीचे फटके बसतात. पण देवाला जेवल्यावर छातीत जळजळ झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही, तात्यासाहेबांना ती रोज व्हायची. तेव्हा उपयोगाचं म्हणाल तर मी काही कमी नाही.

माझा जन्म खाम नदीच्या काठचा. मातीत राख आणि भुसा कालवला, साच्यात दाबलं, उन्हात वाळवलं आणि भट्टीत रचलं. कितीतरी दिवस भाजून निघाले. तेव्हा वाटलं होतं, याहून मोठी आग जगात नसेल. माणसाच्या पोटात भरल्या ताटानंतर जी पेटते, ती मी तोवर पाहिली नव्हती.

तात्यासाहेबांनी क्रांती चौकाच्या मागच्या अंगाला घर बांधलं, त्यातून मी उरले. उरलेल्या विटेला कुणी फेकत नाही आणि कुणी विचारतही नाही. न्हाणीघराच्या बाहेर अकरा वर्षं पडून होते. भांडी घासायला येणाऱ्या वच्छलाबाई माझ्यावर टाचा घासत, त्यात माझा एक कोपरा झिजला. माझ्या शेजारी आणखी एक वीट होती, तीच माझी पुढची जोडीदारीण.

तात्यासाहेब तहसीलमध्ये पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारे कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर नोकरीला लागले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटले. नोकरी सुटली तशी जीभ सुटली. सकाळी मिरचीचा ठेचा, दिवसभरात सात-आठ कप चहा, एकादशीला भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीचं वाडगं, कुणाच्या लग्नात नान आणि मटणाचा खलिया असला की दोनदा पंगत. वर तंबाखू. आणि दुपारी ताटावरून उठले की थेट पलंग. मग छाती जळायची, आंबट पाणी घशाशी यायचं. सकाळी मोरीवर घशात बोटं घालून ते पित्त काढत, तेव्हा शेजारचे लोक घड्याळ लावत.

"रझाकाराच्या टायमाला कण्या खाऊन दिवस काढले, तवा नाय जळलं," ते म्हणायचे. "आता चांगलंचुंगलं खातो तर जळतंय!" यातच उत्तर होतं, पण ते त्यांना दिसत नव्हतं.

शेवटी धाकटी लेक दमयंती त्यांना चौकातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, चहा-तंबाखू कमी करा, तिखट-तेलकट आवरा, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका, गोळी वेळेवर घ्या आणि पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवा. डोकं उंच राहिलं की आम्ल वर चढत नाही. तात्यासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातल्या विटा तेवढ्या मान्य केल्या. बाकीच्या गोष्टी सोडाव्या लागत होत्या, विटा नुसत्या ठेवायच्या होत्या.

दमयंतीनं आम्हा दोघींना धुतलं, उन्हात वाळवलं. माती पारखणारी पोर होती ती. शेतकी शिकलेली. मला हातात घेऊन म्हणाली, "चांगली भाजलीय." इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य. मग पलंगाच्या उत्तरेकडच्या दोन पायांखाली आम्ही गेलो, कारण तात्यासाहेबांची उशी तिकडे होती. वरून चादरीची झालर खाली आली आणि आम्ही जगाला दिसेनाशा झालो.

पंधरा दिवस घरात शांतता होती. मोरीवरचा आवाज बंद झाला. त्याच पंधरवड्यात दमयंतीला परभणीच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीचा कागद आला. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला रुजू व्हायचं होतं. तात्यासाहेब खूश होते. "जाय बिनधास्त," म्हणाले. "पेशकाराची पोरगी हायेस." आई मनकर्णाबाईंनी तो कागद देवघरातल्या डब्यात ठेवला आणि झाकण दोनदा दाबून पाहिलं.

आणि मग खुलताबादहून दगडाबाई आल्या. तात्यासाहेबांची थोरली बहीण. आल्या आल्या त्यांनी पलंग पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आरं तात्या, उत्तरेला डोकं करून झोपतूस व्हय? मेल्या माणसाचं करतेत तसं! घरात कुनाला काय कळतंय का नाय?"

तात्यासाहेबांना घाम फुटला. पण पलंग सागवानी, खोली अरुंद, एका बाजूला लोखंडी कपाट. पलंग फिरवायचा तर कपाट आधी काढायला हवं. तेव्हा त्यांनी सोपं केलं. उशी उचलली आणि दक्षिणेकडच्या टोकाला टाकली. डोकं दक्षिणेला झालं. शास्त्र सांभाळलं गेलं. आम्ही मात्र होतो तिथंच, उत्तरेला. म्हणजे आता त्यांच्या पायांखाली.

पलंगाला दोन्हीकडे कठडा नव्हता, झालर खालपर्यंत होती, आणि विटेला तोंड असतं पण बोलता येत नाही. आता रोज जेवण झालं की तात्यासाहेब डोकं खाली आणि पाय वर करून आडवे होत. पोटातलं सगळं उतरणीला लागल्यासारखं घशाकडे यायचं. "पाय उंच वाटतेत जरा," एकदा म्हणाले, "पर सूज उतरायला बरं असतं." माणूस स्वतःची समजूत किती झटकन काढतो, हे पलंगाखालून फार छान कळतं.

आठ दिवसांत जळजळ परतली, ती दुप्पट होऊन. डॉक्टरांनी विचारलं, "विटा लावल्यात ना?" तात्यासाहेब म्हणाले, "बिलकुल." खोटं तर तेही बोलत नव्हते. छातीत दुखतं म्हणाल्यावर डॉक्टरांनी रीतसर हृदयाची पट्टी काढली. पट्टी साफ निघाली. डॉक्टर म्हणाले, हे आम्लपित्तच आहे, पथ्य पाळा. पण तात्यासाहेबांना ते पटलं नाही. गल्लीतले काकासाहेब नुकतेच हृदयाच्या झटक्यातून उठले होते आणि त्यांच्याकडे माणसं सफरचंदं घेऊन येत. पित्ताला कोण सफरचंद आणतं? पित्ताला फार तर शेजारीण आवळासुपारी देते. तात्यासाहेबांनी ठरवून टाकलं, आपल्याला दिलाचाच आजार आहे.

एकदा ठरलं की पुढचं सगळं ठरलेलंच असतं. दगडाबाईंनी रडून घेतलं. तात्यासाहेब उशीला टेकून म्हणाले, "माझा काय भरवसा नाय. डोळे मिटायच्या आत दमीचे हात पिवळे बघायचेत." अजिंठ्याकडचे बद्रीनाथराव दगडाबाईंच्या ओळखीचे होते. घर चांगलं, पोरगा चांगला. अट एकच, सुनेनं नोकरी करायची नाही. दिवस ठरला. पाहुणे जेवायला येणार आणि चार वाजता सुपारी फुटणार. सुपारी फुटली की शब्द पक्का. रुजू व्हायच्या तारखेला तेव्हा बारा दिवस उरले होते.

दमयंतीनं वाद घातला नाही. आजारी बापाशी काय वाद घालणार? पण एका दुपारी तात्यासाहेबांची गोळ्यांची पट्टी पलंगाखाली पडली. ती काढायला ती वाकली, झालर वर केली आणि तिची नि माझी नजरानजर झाली. तिनं उशीकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आणि तोंडात पदर कोंबून ती तिथंच जमिनीवर बसून हसली, मग रडली.

तिनं आईला सांगितलं. तात्यासाहेब बाहेर गेल्यावर वच्छलाबाईंनी पलंगाचं एक टोक उचललं, मग दुसरं, आणि आम्ही दक्षिणेला आलो, उशीखाली.

"आधी त्यांना बरं वाटू दे," दमयंती म्हणाली. "मग सांगते. मग लग्नाची घाई कशाला राहील?"

पोर शिकलेली होती, पण बापाला ओळखण्यात कमी पडली. चौथ्या दिवशी तात्यासाहेब ताजेतवाने होऊन ओसरीवर आले आणि मोठ्यानं म्हणाले, "बघितलंत? पोरीचं मनावर घेतलं अन् छाती गार पडली! दिलावरचं वझं होतं ते."

दमयंतीनं विटांची हकिकत सांगितली. ते हसले. "येडी का काय! इटेनं दिल बरं होत असतं का?" दगडाबाई म्हणाल्या, "बाप बरा झाला तुझ्या पायगुणानं, आता मोडता नको घालूस." तिनं आपल्या हातानं बाप बरा केला आणि आपल्याच हातानं लग्न पक्कं केलं. मला त्या दिवशी वीट असल्याची लाज वाटली. ती रात्री जेवली नाही. मनकर्णाबाईंनी तिचं ताट झाकून ठेवलं. त्या घरात त्या बोलत, पण मीठ-मिरचीपुरतं.

सुपारीचा दिवस उजाडला. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, वर तूप. बद्रीनाथराव आणि त्यांची माणसं बाहेरच्या खोलीत जेवायला बसली. तात्यासाहेब आग्रह करत होते आणि आग्रह करणाऱ्याला स्वतःही खावं लागतं. पाच पोळ्या झाल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीत मनकर्णाबाई आल्या. मागे वच्छलाबाई.

"उचल," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"कामून बाई? बरी हायेत की हितं."

"उचल म्हनते ना." वच्छलाबाईंनी पलंग उचलला, मनकर्णाबाईंनी मला बाहेर ओढलं. मग उत्तरेकडचं टोक वर झालं आणि आम्ही दोघी त्याखाली सरकलो. "मला बी मास्तरणीचा कागद आला व्हता गं," त्या हळूच म्हणाल्या. "सातवी पास झाले व्हते. तवा सासऱ्याच्या छातीत दुखलं."

वच्छलाबाईंनी पलंग अलगद टेकवला. झालर खाली आली.

"चारला वेळ हाय, जरा पाठ टेकतो," म्हणत तात्यासाहेब आले आणि पडले. पाच पोळ्या, कटाची आमटी आणि पायांखाली दोन विटा. मी मनात आकडे मोजू लागले. शंभरच्या आत ते ताडकन उठून बसले.

"मेलो! छाती! डॉक्टरला बोलवा!"

सगळे धावत आले. दगडाबाईंनी गळा काढला. बद्रीनाथराव दारात उभे. दमयंती गोळी आणि पाणी घेऊन आली, तिचा चेहरा पांढरा पडला होता. मनकर्णाबाई तेवढ्या शांत होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या पाहुण्यांसमोर, नवऱ्याच्या पलंगाशी उभ्या राहिल्या.

"अवो, पोरीचं मनावर घेतलं म्हनून छाती गार पडली म्हनला व्हता ना?"

"आं?"

"आज तर सुपारी फुटायची. आज तर बर्फ व्हायला पायजे. मग जळतंय कामून?"

मनकर्णाबाईंनी वाकून झालर वर केली.

"इटा पायाशी हायेत. म्या ठिवल्या. चार दिस उशाला व्हत्या, दमीनं ठिवल्या व्हत्या, तवा तुमी बरे व्हता. तुमच्या दिलाला काय झालं नाय. आता सुपारी फोडायची तर फोडा, पर छातीचं नाव घिऊन फोडू नका."

तात्यासाहेबांनी झालरीखाली पाहिलं. मी शक्य तितकी स्पष्ट दिसले. ते कितीतरी वेळ तसेच वाकून होते. बहुधा वर पाहायचं धैर्य होत नव्हतं. मग सोडा प्यायल्यासारखा मोठा ढेकर आला आणि त्या ढेकराबरोबर त्यांचा दिलाचा आजार गेला.

बद्रीनाथराव हळूच पुढे आले, गुडघ्यावर बसले आणि माझ्याकडे निरखून पाहू लागले. "वहिनी," त्यांनी विचारलं, "इटा उशाखालीच ठिवायच्या का? मला बी लई जळतंय बघा." सुपारी ताटातच राहिली. पाहुणे चहा न घेता गेले. रागानं नव्हे, वहिनींनीच चहा नको म्हणून सांगितलं होतं.

ते गेल्यावर तात्यासाहेब बराच वेळ ओसरीवर बसले. मग आत येऊन, कुणाकडेही न पाहता म्हणाले, "दमे, रुजू व्हायची तारीख काय म्हनलीस?"

मनकर्णाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं.

याला आता बरीच वर्षं झाली. दमयंती परभणीला माती तपासते. तिथंच तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं. तात्यासाहेब ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मी स्वतः तपास केला. इटा उशाला, पायाशी नाय." दगडाबाईंच्या घरीही विटा गेल्या आहेत, अर्थात दक्षिणेला. चहा तीन कपांवर आला आहे, तंबाखू सुटली म्हणतात. पण ती कुठे लपवलेली असते, ते मला इथून दिसतं.

मी आता थकले. झिजलेला कोपरा आणखी झिजलाय, मधून एक बारीक चीर गेली आहे. माझं मागणं फार नाही. पोट जळलं तर आधी ताटाकडे पाहा, मग पलंगाखाली वाकून पाहा, आणि तरी राहिलं तर डॉक्टरांचं ऐका. पोटातली आग पोटात असू द्या. तिचं सरण करून त्यावर लेकीबाळींचे कागद जाळू नका.

दरवर्षी खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. तात्यासाहेब अडकित्ता, विळा आणि आपलं जुनं पेन पाटावर मांडतात. मनकर्णाबाई त्या दिवशी मला बाहेर काढतात, पुसतात आणि पाटाच्या टोकाला ठेवून हळदकुंकू लावतात.

"ही कामून?" तात्यासाहेबांनी पहिल्या वर्षी विचारलं होतं. "इट काय हत्यार हाय का?"

मनकर्णाबाईंनी माझ्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

"तुमच्या घरात मला तेवढंच घावलं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. पूजा झाली की ते स्वतःच पलंग उचलून धरतात आणि मी माझ्या जागी जाते.