न उघडणाऱ्या फायली

पाट्या कोरायचं मशीन चालवणाऱ्या सासऱ्याने सुनेला एक खोटं सांगितलं होतं. तिचं पट्टी बांधलेलं मनगट दिसलं, की ते खोटं त्याला दाताखाली खडा यावा तसं लागायचं.

दुकानातलं सॉफ्टवेअर जुनंपुराणं. गिऱ्हाइकं नव्यात केलेली चित्रं पाठवायची, ती त्यात उघडायची नाहीत. मग सून ती कागदावर छापून समोर टाचायची आणि माउसने रेघ न् रेघ पुन्हा काढत बसायची. काढून काढून मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, हाताला विश्रांती द्या. विश्रांती कुठली? मुलगा परगावी नोकरीला, आणि सासरा वाकबगार तो फक्त कोरण्यात.

नवं सॉफ्टवेअर बघायला तो एकदा गेला होता. परत येऊन म्हणाला, "छे! आपली जुनी कामं त्यात उघडतच नाहीत. वर दर महिन्याला पैसे भरा. सॉफ्टवेअर कसलं, भाड्याचं बिऱ्हाड ते!"

सून हसली होती. "मग राहू द्या, बाबा. आपलं घरचंच बरं."

तेव्हापासून कुणी विषय काढला, की तीच त्याची बाजू घ्यायची. नेमकं हेच त्याला सोसत नव्हतं.

आणि आज सॉफ्टवेअर विकणारा स्वतःच दुकानात उभा राहिला. सासरा चष्मा काढून पुसायला लागला.

"आमची जुनी कामं तुमच्यात चालत नाहीत ना," सून रेघ ओढता ओढता म्हणाली. "बाबा स्वतः बघून आलेत."

"असं कसं, ताई? काका पेन ड्राइव्ह घेऊन आले होते. माझ्यासमोर एकूण एक फाइल उघडली की!"

माउस थांबला. "बाबा?"

चष्मा पुसून पुसून किती पुसणार? "उघडल्या होत्या," तो म्हणाला. "पण सगळी बटणं भलतीकडेच. काम मशीनवर कोरायला कसं पाठवायचं, तेसुद्धा मला सापडेना. वाटलं, आता आपण दुकानात नुसते शोभेला."

"आणि माझा हात?"

त्याने तिच्या मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग एकदम म्हणाला, "चुकलं माझं. आजच घेऊ ते. आत्ताच बसवू."

"घ्या की. पण त्याच्यापुढे मी बसणार नाही." काम अर्धवट टाकून, पर्स उचलून ती निघून गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

विकणारा घुटमळला. "मग काका, शिकणार कोण?"

"मी."

सॉफ्टवेअर बसलं. सासरा भीतभीत खुर्चीत टेकला. "डावीकडे, काका. नाही, त्याच्या वर." दोनदा चुकून तिसऱ्यांदा त्याने गिऱ्हाइकाची फाइल उघडली. जे काढता काढता सुनेची अख्खी सकाळ गेली होती, ते चित्र पापणी लवायच्या आत पडद्यावर आलं.

"बघितलंत?" विकणारा खूश झाला. "किती सोपं आहे!"

सासऱ्याला मान वर करवेना.